श्री. पाचमिनिटे यांस अनावृत पत्र

श्री. पाचमिनिटे यांस,



आपल्याकडे सातपुते आहेत, नवघरे आहेत. तेव्हा पाचमिनिटे या आडनावाला कुणाची हरकत नसावी. उभ्या वाशीम जिल्ह्यात तुमच्याइतकं नाव देवाचंही घेतलं जात नसेल. ‘पाच मिन्टात आलो ना भाऊ’ असं फोनवर सांगणारा अजून आंघोळीलाही गेलेला नसतो आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो आपसातला मामला आहे, चालतो. माझी तक्रार वेगळी आहे.

रात्री साडेनऊला जेवण आटोपून मी पुस्तक हातात घेतो. तेवढ्यात तुम्ही मोबाईलमधून म्हणता, ‘पाचच मिनिटं. जरा बघून घे.’ बघतो. कुणाच्या तरी भाचीचं डोहाळजेवण. सोयाबीनचा भाव. तोच भाव दुसऱ्या ग्रुपवर. कुण्या अनोळखी बाईंची भरली वांगी, तीही दोनदा. मान वर करतो तर पावणेअकरा. पाचाचे पंच्याहत्तर करणं आमच्या जुन्या सावकारांनाही जमलं नव्हतं, आणि ते निदान कागदावर अंगठा तरी घ्यायचे. तुम्ही आमचाच अंगठा आमच्याच काचेवर फिरवून घेता.

पुस्तक छातीवर उपडं पडलेलं. खुणेला एसटीचं तिकीट, पान ३८. त्या पानावर एक माणूस चप्पल काढून दारात उभा आहे, कुणी आत बोलावेल म्हणून. मी त्याला दसऱ्याला तिथे सोडलं. दिवाळी झाली, हरभरा निघाला, तो उभाच आहे.

आमचं वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. चौथ्या शतकात इथे सर्वसेन राजाने नवी गादी मांडली आणि ती सांभाळून प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्यही लिहिलं. बिचाऱ्याला तुमचा सहवास नव्हता. कारंजाच्या जैन भांडारांत हातांनी उतरवलेल्या पोथ्या आहेत, एकेक अक्षर बोरूने काढलेलं. पुष्पदंताचं दहाव्या शतकातलं अपभ्रंश काव्य ‘जसहरचरिउ’ १९३१ साली ‘कारंजा जैन सिरीज’मधून छापून आलं. मधली हजारेक वर्षं कुणी ना कुणी नक्कल करत बसला म्हणूनच ते छापखान्यापर्यंत पोचलं. त्यातल्या एखाद्याला तुम्ही ‘आधी जरा बघून घे’ म्हटलं असतं, की पोथी संपली असती तिथेच.

योगायोग बघा, त्याच १९३१ साली मद्रासेत डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. कपाटं नीट लावा, याद्या नीट करा, माणसाला हवं ते झटकन सापडू द्या, एवढाच त्यांचा हेतू. वाचलेला वेळ वाचक तुमच्याकडे ठेवीला आणून टाकेल, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानीमनीही नसावं.

वेळ वाचवण्यात आमचा जिल्हा आता मागे नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. नागपूर-मुंबई म्हणे सोळा तासांवरून आठ तासांवर. उरलेले आठ तास कोणाच्या खात्यावर जमा झाले? तुमचं पासबुक एकदा दाखवाच.

आणि गंमत अशी की खरी पाच मिनिटं इथे पैशाला पासरी आहेत. सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेलो, तर हर्रास व्हायची वाट बघा, मग काट्याची वाट बघा, मग पट्टीची. डॉक्टरकडे नंबर, दळणाला नंबर. पाच मिनिटांत मी दोन पानं वाचतो. दिवसातून तीनदा जरी तुम्ही सचोटीने पाचच मिनिटं राहिलात, तरी वर्षाला दोन हजारांवर पानं होतात, म्हणजे चांगली जाडजूड सहा-सात पुस्तकं. हिशेब तिसरीच्या पोराचा आहे, पण तुमच्या नावात आकडा असून तुम्हाला तो कधी आला नाही.

कळावे. लोभ आटोक्यात ठेवावा.

आपला,
एक अप-डाऊनवाला, वाशीम-कारंजा

ता. क. परवा मोबाईल मुद्दाम डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या बरणीखाली ठेवला आणि एसटीत खिडकीशी बसलो. मंगरूळपीर यायच्या आत अकरा पानं झाली. दारातल्या माणसाला शेवटी आत घेतलं. त्याने आधी पाणी मागितलं. शेजारचे गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग न राहवून म्हणाले, ‘कोणती परीक्षा देऊन राहिले भाऊ, या वयात?’