चौथ्या चालीचे शूरवीर

बुद्धिबळाच्या उन्हाळी शिबिराला आठवडा उलटला की प्रत्येक सोसायटीत एक छोटा दरोडेखोर तयार होतो. आमच्या शेजारच्या चिरंजिवांचा बेत ठरलेला: उंट सी-फोरवर, वजीर एच-फाइव्हवर आणि दोघांची मिळून एफ-सेव्हनच्या प्याद्यावर धाड. त्या बिचाऱ्याला राजाशिवाय कुणी वाली नसतो. चौथ्या चालीला मात! आजोबा, मावशी, सिलिंडर द्यायला आलेले काका, सगळे गारद.

पुढे कुणीतरी जी-सिक्सवर प्यादं सरकवतं. वजीर एफ-थ्रीवर पळतो, म्हणजे नेमका आपल्याच घोड्याच्या घरात जाऊन बसतो. समोरचा त्याला हाकलता हाकलता एकेक मोहरं बाहेर काढतो.

सरांचं पालुपद वेगळं. मधली घरं धरा, घोडे-उंट बाहेर काढा, लवकर किल्लेकोट करा. सगळं खरं, पण "भाजी खा" इतकंच रुचकर. "आज मी वेळेवर किल्लेकोट केला" असं आजीला फोन करून कोण सांगतं?

सापळ्यांतही जातिवंत असतात. अठराव्या शतकात पॅरिसच्या लेगालने वजीर सोडून मात केली, ती दोन घोडे आणि उंट आधीच बाहेर होते म्हणून. आमच्या चिरंजिवांना मात्र ब्लॅकबर्न शिलिंग गॅम्बिट आवडला. कॅफेतल्या हौशी मंडळींकडून हा इंग्रज खेळाडू यावर एकेक शिलिंग उकळायचा म्हणे. त्याने तो खेळल्याचा एकही डाव मात्र नोंदलेला नाही.

यात काळ्याने तिसऱ्या चालीला घोडा डी-फोरवर टाकायचा, ई-फाइव्हचं प्यादं उघडं सोडून. चाल तशी वाईटच, म्हणून अभिनय हवा. चिरंजीव कपाळावर हात मारून "अरे देवा!" म्हणतात. समोरचा प्यादं खातो, मग घोड्याने एफ-सेव्हनवर वजीर आणि हत्ती एकदम धरतो, डोळे लकाकतात, आणि सातव्या चालीला स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला काळा घोडा मात देतो.

परवाच्या स्पर्धेत समोर दोन वेण्यांची मुलगी होती. कपाळावर हात पडला, "अरे देवा" झालं. तिने घोड्याने घोडा मारला, किल्लेकोट केला आणि पाण्याची बाटली उघडली. तासाभराने चिरंजीव तणतणत बाहेर आले.

"ती नीट खेळतच नव्हती, काका! मी एवढं केलं, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!"