कोल्ह्याची बाजू

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींपैकी पुढे सगळ्यात जास्त कामाला आली ती कोल्ह्याची. बढती हुकली की मला वरच्या खुर्चीतले ताप दिसू लागत. कोथरूडचा फ्लॅट हातचा गेला की तिथली रहदारी. घरचे हसून म्हणत, ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट!’ कोल्हा खोटं बोलतोय हे त्यात गृहीतच असायचं. द्राक्षं खरोखरच आंबट असतील, अशी शंका कुणालाच आली नाही.

मला ती आली एका पोर्तुगीज बाटलीमुळे. उत्तर पोर्तुगालमधल्या लामेगो गावची फेसाळ वाइन, नाव ‘रापोझेइरा’. शब्दकोश उघडला तर अर्थ निघाला, कोल्ह्याचं बीळ! १८९८ सालापासून ही मंडळी द्राक्षांचा धंदा खुशाल कोल्ह्याच्या नावावर करताहेत.

लामेगोच्या खाली दोरू नदीचं खोरं. तिथे ऊन रणरणतं, द्राक्षं साखरेनं ठासून भरतात आणि त्यांची गोड, कडक पोर्ट वाइन होते. वाइनचा प्रदेश म्हणून त्या खोऱ्याच्या सीमा १७५६ सालीच आखल्या गेल्या. म्हणजे गोडव्याला मानमरातब फार आधी मिळाला. लामेगोच्या पाठीमागे मात्र चढण लागते. तावोरा आणि वारोझा या दोन नद्यांमधला हा मुलूख साधारण ५०० ते ८०० मीटर उंचीवरचा. जमीन ग्रॅनाइटची, रात्री गारठ्याच्या. लामेगोत देवीच्या दर्शनालासुद्धा ६८६ पायऱ्या आहेत. पर्वती चढून धापा टाकणाऱ्या माझ्यासारख्याने खालूनच हात जोडावेत. अशा थंडीत द्राक्षं पिकतात, पण आंबटपणा सोडत नाहीत. आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखी.

हाच आंबटपणा फेसाळ वाइनला हवा असतो. एकदा तयार झालेली वाइन साखर आणि यीस्ट घालून बाटलीत बंद करतात आणि ती आतल्या आत पुन्हा आंबते. दुसऱ्या खेपेला मद्यार्क आणखी चढणार, म्हणून मुळातली द्राक्षं फार गोड असून चालत नाही. आंबवताना निघणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट नसते. तो वाइनमध्येच विरघळून दबा धरून बसतो. दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. इथल्या मुर्गान्येइरा या वाइन कंपनीच्या बाटल्या तर निळ्या ग्रॅनाइटमध्ये कोरलेल्या तळघरांत, अंधारात पडून असतात. पुढे बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, मानेशी जमलेला गाळ गोठवून उडवतात आणि मग बूच ठोकतात.

आपला ‘बूच’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला, ‘पिंप’ही त्यांचंच. पिंप आलं, बूच आलं. मधला ऐवज वाटेतच कुठेतरी राहिला. आमच्या घरी पिंपात पाणी असे आणि बुचाखाली रॉकेल.

१९८९ साली तावोरा-वारोझाच्या सीमा आखल्या गेल्या. खास फेसाळ वाइनसाठी आखलेला पोर्तुगालमधला हा पहिला प्रदेश. गोडव्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी आंबटपणाला सरकारी शिक्का मिळाला. सरकारी कामाला वेळ लागतोच.

आणि योगायोग असा, की याच मुलखात १८८५ साली आकिलीनो रिबेइरो हा कादंबरीकार जन्मला. या खडकाळ, दरिद्री गावांवर त्याने जी कादंबरी लिहिली तिचं नाव ‘सैतानाची भूमी’ अशा अर्थाचं. आज तिथली एक सहकारी संस्था तेच नाव लावून फेसाळ वाइन विकते. शिवीचं लेबल करायला जिगर लागते. याच लेखकाने १९२४ साली मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं, ते पुन्हा एका कोल्हिणीवर! त्या डोंगरात द्राक्षाच्या आसपास कोल्हा असायचाच, असं दिसतं.

हे सगळं वाचल्यापासून कोल्ह्याबद्दलचं माझं मत बदललं आहे. वेलीखाली उभ्या उभ्या, एकही दाणा न चाखता त्याने अचूक निदान केलं होतं. चुकला एवढंच, की निदान करून तो घरी निघून गेला. पुढचं काम, म्हणजे आंबट आहे तर त्याचं काय करता येईल हे बघण्याचं, लामेगोच्या लोकांनी केलं.

परवा घरात पुन्हा कुणीतरी म्हणालं, ‘कोल्ह्याला द्राक्षं...’ मी म्हटलं, ‘हो, आंबटच आहेत. बुचं किती आहेत घरात?’