पाठीवरचं बिऱ्हाड

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यानं स्वतःच स्वतःवर करून घेतली आहे. त्यामुळं परदेशाचं आम्हाला फारसं कौतुक नाही. तुलना झालेली आहे, निकाल लागलेला आहे. तरीही अलीकडं नवरात्रात राणीसावरगावात माणसांचा एक नवा वाण दिसू लागला आहे, त्याची दखल घेणं भाग आहे. हा वाण जोडीनंच येतो. तो मूळचा इथला, बारावी गंगाखेडला, पुढं पुण्यात इंजिनिअर, हिंजवडीत नोकरी. ती नाशिककडची किंवा साताऱ्याकडची. दोघांनी तिशी ओलांडलेली. फ्लॅटचे हप्ते चालू. आणि अशा सुस्थितीत असताना दोघं एके दिवशी साहेबाकडून चार-सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागून घेतात, पाठीवर एकेक पिशवी चढवतात आणि दक्षिण अमेरिकेत निघून जातात. नाव सांगत नाही. एकाचं सांगितलं तर उदगीरचे, अंबाजोगाईचे आणि परभणीत वसमत रोडला राहणारे रुसतील, कारण आता प्रत्येक गावात असं एखादं जोडपं निघतंच. आमच्या गावानं त्यांना ‘पाठीवाले’ असं नाव ठेवलं आहे. तोंडावर आपण दादा-वहिनी म्हणू.

या आधीचे प्रवासी असे नव्हते. आमचे आजोबा काशीला गेले तेव्हा जाताना सगळ्यांचा निरोप घेऊन गेले, परत येण्याची खात्री कुणीच दिली नव्हती. आल्यावर मावंदं घातलं, गावजेवण झालं, विषय संपला. त्यांच्या पुढची पिढी टूर कंपनीबरोबर युरोपला गेली. तिथं सकाळी पोहे मिळाले का, एवढाच प्रश्न गावानं विचारला आणि ‘मिळाले’ म्हटल्यावर सगळ्यांचं समाधान झालं. पाठीवाल्यांना यातलं काहीच पसंत नाही. टूरचं नाव काढलं की वहिनींच्या कपाळाला आठी पडते. “आम्ही टुरिस्ट नाही, ट्रॅव्हलर आहोत,” दादा सांगतात. दोहोंतला फरक गावाला बरेच दिवस कळेना. शेवटी पारावर असं ठरलं, की ज्याला पैसे देऊन सुख मिळतं तो टुरिस्ट आणि ज्याला पैसे देऊन हाल मिळतात तो ट्रॅव्हलर.

हालांची तयारी मात्र सुखाच्या तयारीपेक्षा काटेकोर असते. पिवळ्या तापाची लस निघायच्या दहा दिवस आधी टोचून घ्यायची आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टपेक्षा जास्त जपायचं. व्हिसासाठी बँकेचे कागद, रजेचं पत्र. पिशवीचं वजन बारा किलोच्या वर जाता कामा नये म्हणून वहिनींनी टूथब्रशाची दांडी अर्धी कापली. त्याच पिशवीत सासूबाईंनी दिलेलं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी मिळून दीड किलो होतं, त्याला मात्र कात्री लागली नाही. मीना प्रभूंचं ‘दक्षिणरंग’ दादांनी विकत आणलं, पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं नाही या तत्त्वापायी ते न वाचता निघाले. परत आल्यावर वाचलं तेव्हा आपलं काय काय बघायचं राहिलं ते त्यांना कळलं. आता पुन्हा जाणं आलं.

दादा नकाशाचे आणि वहिनी पैशाच्या. वहिनींची एक वही आहे. तिच्यात पेरूतल्या कुस्कोच्या बाजारात घेतलेल्या दोन केळ्यांपासून सार्वजनिक मुतारीच्या भाड्यापर्यंत सगळं टिपलेलं असतं. एका खोलीत आठ खाटा, त्यातल्या दोन आपल्या, असा मुक्काम. रात्रीचा प्रवास करायचा म्हणजे खाटेचेही पैसे वाचतात. लिमा ते कुस्को ही बस वीस-बावीस तास घेते, अँडीज पर्वत चढते, वळणावळणांनी पोटातलं सगळं वर येतं. हा प्रवास दादा इतक्या प्रेमानं सांगतात, की ऐकणाऱ्यालाच मळमळू लागतं. शेजारी कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेली बाई, खिडकी न लागणारी, रस्त्यात बस बंद पडलेली, सगळ्यांनी उतरून ढकललेली. “असली अनुभूती विमानात नाही,” दादा म्हणतात. हे ऐकताना आमच्या बसस्टँडवरच्या हॉटेलात बसलेल्या निम्म्या लोकांना वाटतं, हा माणूस आपल्याच यष्टीबद्दल बोलतोय.

आणि हेच दादा-वहिनी गावी कसे येतात? पुण्याहून रेल्वेच्या एसी डब्यात, गंगाखेडला उतरून पुढं सांगून ठेवलेल्या एसी गाडीत. यष्टी स्टँडवर उभीच असते. पण गावाकडं येताना वहिनींची कंबर धरते. बोलिव्हियात न धरलेली कंबर गोदावरीच्या काठावर कशी धरते, यावर वैद्यकशास्त्रानं काही प्रकाश टाकलेला नाही. आणखी एक बदल स्टेशनवरच होतो. टिटिकाका सरोवराच्या काठी जो ‘अरे’ होता तो गंगाखेडच्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवताच ‘अहो’ होतो.

रात्री वाड्यात फोटोंचा कार्यक्रम. टीव्हीला वायर जोडलेली, अंगणात सतरंजी, समोर सगळी आळी. पहिला फोटो बोलिव्हियातल्या ला पाझचा. “हे शहर साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. कळसूबाई सोळाशे शेहेचाळीस. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी कमीच पडतात.” लोकांना शहरापेक्षा तिथल्या डोक्यावरून जाणाऱ्या पाळण्यांचं नवल वाटलं. २०१४ पासून ला पाझमध्ये लोक कामाला जातात ते तारेवरच्या पाळण्यात बसून. “जत्रेतल्यासारखं रोज?” एका पोरानं विचारलं आणि त्याला बोलिव्हिया एकदम आवडून गेलं. पुढं उयुनीचं मिठाचं वाळवंट: दहा हजार चौरस किलोमीटरांपेक्षा मोठं, पांढरंशुभ्र, पावसाळ्यात पाण्याचा पातळ थर साचला की आभाळाचा आरसा. आख्खा परभणी जिल्हा त्यात बसून वर जागा उरेल, हे ऐकून सभेत थोडी नाराजी पसरली. तिथं मिठाच्या विटांचं हॉटेलही आहे म्हटल्यावर एका काकांनी विचारलं, “मग भाजी अळणी झाली तर भिंत खरडायची का?”

पेरूतल्या जेवणाचा विषय दादांनी काढायला नको होता. तिथं गिनीपिग भाजून खातात, सणाला, पाहुणे आल्यावर. फोटोही होता. “हे उंदरावाणी दिसायलंय,” मागून आवाज आला. वहिनी अंडंही खात नाहीत. त्यांनी स्पॅनिशमधलं ‘मांस नको’ हे वाक्य घोकून ठेवलं होतं. पण तिथं मांस म्हटलं की गाय-डुक्कर, कोंबडी त्यात धरतच नाहीत, त्यामुळं ‘मांस नको’ सांगितलं की समोर कोंबडी यायची. यावरून दोघांची प्रत्येक देशात भांडणं झाली. कारण भाषा शिकायची जबाबदारी दादांची होती आणि दादा मोबाइलवर विसंबले होते, आणि डोंगरात मोबाइलला रेंज नव्हती. जगप्रवासानं नवरा-बायकोचं नातं घट्ट होतं असं म्हणतात. वहीत मात्र एका पानावर ‘वेगळी खोली, एक रात्र’ असा खर्च लिहिलेला आहे. तो आम्ही पाहिला नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

माचू पिचूचा फोटो आल्यावर दादा उभे राहिले. १९११ साली हायरम बिंगहॅम या अमेरिकी प्राध्यापकानं हे इंकांचं हरवलेलं नगर शोधून काढलं, असं सांगून त्यांनी प्रामाणिकपणे पुढंही सांगितलं, की तेव्हा तिथं काही शेतकरी कुटुंबं शेती करत होती आणि साहेबाला वाट दाखवायला तिथलाच एक पोरगा होता. हे ऐकून निवृत्त तलाठी खाकरले. “म्हणजे सापडलं कशाचं? सातबारा त्यांच्या नावचा अन् नाव साहेबाचं.” एवढ्या थोडक्यात हा वाद मी कुठं वाचलेला नाही.

ला पाझजवळचा ‘मृत्यूचा रस्ता’ हा कार्यक्रमाचा कळस होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि त्यावरून पर्यटक पैसे भरून सायकली सोडतात. तो उतरल्याचा टी-शर्टही मिळतो. दादा तो घालूनच बसले होते. लोकांनी फोटो शांतपणे पाहिला. मग एका रिक्षावाल्यानं आमच्याकडच्या एका रस्त्याचं नाव घेतलं (मी घेत नाही) आणि विचारलं, “त्याच्यावर मी रोज सहा शिटा घेऊन जातो. मला टी-शर्ट कोण देईल?”

दादांच्या आजी या सगळ्या वेळात माळ ओढत बसल्या होत्या. नऊ दिवसांचा उपवास, त्यामुळं त्यांच्या बोलण्याला देवीच्या खालोखाल मान. दादांना वाटलं, आजीला आवडेल असं काही सांगावं. म्हणाले, “आजी, तू उपवासाला जे खातेस ना, ते बहुतेक तिकडचंच. बटाटा अँडीज पर्वतातला. भुईमुगाचं मूळ बोलिव्हियाच्या बाजूचं. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलकडचा. रताळंही अमेरिकेतलं, राजगिराही. अन् खिचडीत घालतेस ती हिरवी मिरचीसुद्धा. पोर्तुगीज आले तेव्हा यातलं बरंच काही इकडं आलं.” अंगण गप्प झालं. उपवासाच्या ताटात आपली म्हणावी अशी भगर तेवढी उरली. आजींनी माळ थांबवली. “आरं, मग एवढे पैसे घालून तिकडं कशाला गेलास? मी तर इथंच बसून नऊ दिस त्यांचंच खायलेय.”

दादांनी पाचामामाबद्दलही सांगितलं. तिकडं धरतीला आई म्हणतात, पेल्यातला पहिला घोट तिच्यासाठी जमिनीवर सांडतात, ऑगस्टमध्ये तिला नैवेद्य पुरतात. “मंजे येळवसच की,” आजी म्हणाल्या. शेजारच्या लातूर जिल्ह्यात वेळ अमावास्येला शेतात आंबील शिंपडतात, तेवढ्यावर त्यांनी पाचामामेला घरात घेतलं आणि पुन्हा माळ हातात घेतली.

पण त्या रात्रीचा खरा सामना वेगळाच झाला. आळीच्या टोकाला राहणारी एक बाई कार्यक्रम संपल्यावर वहिनींजवळ येऊन बसली. बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळी झाली की जोडप्यांमागून जोडपी ऊसतोडीला जातात: कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात बागलकोटपर्यंत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, ट्रकमध्ये भांडी, पीठ, गोधड्या, कोंबड्या भरायच्या, फडाजवळ पाचटाच्या कोप्या घालायच्या आणि मार्च-एप्रिलला परत. ही बाई लग्न झाल्यापासून हेच करत आलेली. वहिनींच्या हकिगतीत तिला सगळंच ओळखीचं वाटलं: दोघांनी मिळून जायचं, सगळं सामान पाठीवर, रोज नवं गाव, रात्री मिळेल तिथं झोप, आंघोळीला गार पाणी.

“मुकादम कोण व्हता?” तिनं विचारलं.

“मुकादम नव्हता. आमचं आम्हीच गेलो.”

“अन् उचल किती घेतल्ती?”

वहिनींनी सांगितलं, की उचल नसते, उलट आपणच पैसे द्यायचे असतात. किती, तेही वहीत बघून सांगितलं. बाईनं रुपयांत करून घेतलं, मग किती हंगामांची उचल होते ते बोटांवर मोजलं, आणि दोन्ही हातांची बोटं पुरेनात तेव्हा मोजणं सोडून दिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फसवल्या गेलेल्या माणसाबद्दल वाटते तशी काळजी होती. “अन् लेकरं कुणापाशी ठिवली?” हा प्रश्न आला तेव्हा वहिनी पाणी आणायला आत गेल्या.

परत आल्या तेव्हा मात्र दोघींचं जमलं. बाईनं बिऱ्हाड बांधायची पद्धत समजावून दिली. भांड्यात भांडं, सगळ्यात आतल्यात मीठ-मिरची, गोधडी शेवटी कारण ती आधी लागते, आणि जड ते कंबरेवर लोंबू द्यायचं नाही, पाठीला चिकटून वर बांधायचं. वहिनींनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. पुण्याच्या दुकानात पिशवी विकणाऱ्या पोरानं हेच सांगितलं होतं म्हणे, पण त्याचे पैसे त्यानं पिशवीच्या किमतीत लावले होते.

दसऱ्यानंतर आळीतले कोयते ट्रकमध्ये चढले आणि पाठीवाले एसी गाडीत. दोघांनाही गाव निरोप द्यायला आलं होतं, फक्त मोबाइलवर चित्रीकरण एकाच गाडीचं झालं. दादांचा तो व्हिडिओ पुढं बऱ्याच लोकांनी पाहिला, त्यात ट्रकही कडेला थोडा दिसतो.

पाठीवाल्यांबद्दल माझं मत वाईट नाही. ती कष्टाळू माणसं आहेत, खोटं बोलत नाहीत, गावी रिकाम्या हातानं येत नाहीत. यंदा आळीत प्रत्येक घरी लामाच्या चित्राची एक किचेन मिळाली आणि आता निम्म्या गावाच्या कुलपाला परदेशी जनावर लोंबतंय. हाल सोसण्याची हौस ही एक महाग हौस आहे आणि ती ज्यांना परवडते त्यांनी करावी. फक्त त्यांच्यासमोर यष्टी उशिरा आल्याची तक्रार करू नये. लगेच कुस्कोची बस सुरू होते.

तुमच्या गावात असं जोडपं उतरलं असेल तर फोटोंना जरूर जा, पण जेवून जा. आणि एकदाच काय ते ऐकून घेऊ, असं समजू नका. पुढचा बेत आफ्रिकेचा आहे. तिथंही पिवळ्या तापाचं कार्ड लागतं, आणि २०१६ पासून ते कार्ड जन्मभर चालतं.