बंडखोर टी-शर्ट : कृती आणि काळजी

पोरांना लोणच्यासारखं बरणीत घालून, वर दादरा बांधून वाढवणाऱ्या जमान्याची टिंगल करणारा कपड्यांचा ब्रँड काढायचा, तर आधी डोक्यात राग हवा. नसेल तर संध्याकाळी सहाला सोसायटीच्या बागेत जाऊन बसावे. चार फुटी घसरगुंडीच्या पायथ्याशी दोन आज्या, एक बाबा आणि सॅनिटायझरची बाटली तैनात दिसेल. राग आपोआप येतो.

मग तिरुपूरचे 180 जीएसएमचे सुती कापड घ्यावे. छातीवर घोषणा हवी : ‘पडलो. उठलो. घरी सांगितलं नाही.’ प्लास्टिसॉल शाई साधारण 160 अंश सेल्सिअसला पक्की होते. घाई केलीत तर बंड तिसऱ्या धुण्यालाच गळून पडेल. ‘उलटा करून धुवा’ ही सूचना आत शिवावीच. बंडखोराचे कपडेही शेवटी आईच धुते.

भिंतीवर फोटो लावायचा तर लेनोर स्केनाझी यांचा लावावा. 2008 साली या बाईंनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला न्यूयॉर्कच्या सबवेने एकट्याला घरी येऊ दिले, त्यावर लेख लिहिला आणि ‘अमेरिकेतली सर्वांत वाईट आई’ ही पदवी पदरात पाडून घेतली. पुढे 2018 मध्ये युटा राज्याने, पोराला एकट्याने शाळेत जाऊ देणे म्हणजे हेळसांड नव्हे, असा कायदाच केला. आमच्याकडे याला ‘जा, कोपऱ्यावरून कोथिंबीर आण’ म्हणत.

एका ठिकाणी मात्र बंड आवरावे. लहान मुलांच्या हुडीच्या टोपीला नाडी लावू नये. अशा नाड्या घसरगुंडीत अडकून मुले गळफास बसून दगावली, म्हणून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 1996 मध्ये त्या टाळण्याच्या सूचना काढल्या. घसरगुंडीपाशी उभा असलेला तो बाबा अगदीच वेडा नसतो. हे टी-शर्टवर छापू नये, खपत नाही.

पहिले गिऱ्हाईकही तोच असेल. शाई अंगाला चावणार नाही ना, असे तीनदा विचारील आणि वाढत्या अंगाचा म्हणून दोन मापे मोठा मागेल. शनिवारी पोरगा तो घालून बागेत येईल : आत बनियन, वर स्वेटर, स्वेटरची सगळी बटणे लावलेली. घोषणा कुणालाच दिसणार नाही. पैसे आगाऊ घ्यावेत.