झगा लांब कसा झाला?

"अगं, दोन मिनिटं वेळ आहे का तुला?" असं काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं की ओळखावं, तासाभराची निश्चिंती झाली. मी दोरीवरचे कपडे काढत होते. कपडे खांद्यावर टाकले आणि भिंतीशी गेले.

काकू पायाखाली विटा घेऊन उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, गळ्यात मोजपट्टी, हातात मोबाइल. तीस वर्षं ब्लाउज शिवून काकूंची नजर अशी झालीय की लग्नात त्या नवरीचा चेहरा नंतर बघतात, आधी काखेतली शिवण.

"आमची भाची नाही का, रीगाला डॉक्टरकी शिकायला गेलेली? लात्व्हियात. तिनं हा व्हिडिओ पाठवलाय. बघ जरा."

पडद्यावर एक बाई पांढरा सूट आणि टोपी घालून नाचत-गात होती. काकूंनी लगेच व्हिडिओ थांबवला. आधी पूर्वकथा ऐकायची, मग बघायचं, असा त्यांचा नियम आहे.

"ही मारिया नाऊमोवा. स्टेजवरचं नाव मारी एन. कायदा शिकलेली आहे, पण वकिली सोडून गाणं. आणि जन्म रीगाचा असला तरी घर रशियन बोलणारं. तिकडं तशी खूप माणसं आहेत म्हणे. 1991 ला सोव्हिएत राज्य संपलं, तेव्हापासून भाषेवरून ताणाताणी चालूच. पण ही लात्व्हियनमध्ये गायली, रशियनमध्ये गायली, 2001 ला तर फ्रेंच गाण्यांचा आख्खा अल्बम काढला. आता कोण म्हणणार ती आमची नाही म्हणून?"

"स्पर्धा कसली पण?"

"युरोव्हिजन! आपल्याकडे टीव्हीवर गायक उभे राहतात, तिथं देश उभे राहतात. गाणं तीन मिनिटांच्या आत, स्टेजवर सहाच्या वर माणसं नाहीत. मग प्रत्येक देश बाकीच्यांना गुण देतो. सगळ्यात आवडलेल्याला 12, दुसऱ्याला 10, मग आठापासून एकापर्यंत. आणि स्वतःच्या देशाला द्यायचे नाहीत! म्हणजे स्वतःच्या सुनेला सोडून शेजारणीच्या सुनेचं कौतुक करायचं, तेही सगळ्या युरोपासमोर. जमेल का इथं कुणाला?"

मी गप्प बसले. काकूंची सून आत भांडी लावत होती.

"तर लात्व्हिया या स्पर्धेत पहिल्यांदा उतरलं 2000 साली. आधी घरची चाचणी असते, त्यातून एक जण पाठवायचा. ही चाचणीत दुसरी आली. पहिला आला तो ब्रेनस्टॉर्म नावाचा बँड. ती पोरं स्टॉकहोमला गेली आणि थेट तिसरी आली, देशभर जयजयकार. बरं, 2001 ला ही पुन्हा उभी राहिली. पुन्हा दुसरी! त्या वर्षी अर्निस मेदनिस नावाचा गायक गेला कोपनहेगनला आणि आला अठरावा."

"मग हिला पाठवायला हवं होतं."

"तेच तर! आणि पुढची गंमत ऐक. इतकं खाली गेलं की पुढच्या वर्षी घरी बसायचं, असा तेव्हा नियम. म्हणजे 2002 ला लात्व्हियाला जागाच नव्हती. पण पोर्तुगालनं माघार घेतली. पंगतीतलं एक पान रिकामं झालं, म्हणून यांना बोलावलं. घरच्या चाचणीत ही तिसऱ्यांदा उभी राहिली. आणि या खेपेला पहिली."

काकूंनी श्वास घेतला. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, तिकडं त्यांनी लक्ष दिलं नाही.

"25 मे 2002. एस्टोनियातलं टालिन. म्हणजे अगदी शेजारचाच देश, आदल्या वर्षी ते जिंकले होते. 24 देश. माल्टाची एक कोवळी पोर होती, इरा लॉस्को, तिनं हातावरची चमकी फुंकली, सगळे खूश. तिला 164 गुण. आणि आपल्या मारियाला 176. फरक किती?"

"बारा."

"बारा! एका देशानं मनापासून दिलेलं एक दान. तेवढ्यावर हे झालं. पानावर ऐनवेळी बसवलेली पाहुणी, तीच पुढच्या वर्षीची यजमानीण! कारण जिंकणाऱ्यानं पुढची पंगत घालायची असते. आणि देश केवढा? तेव्हा सगळी मिळून तेवीस-चोवीस लाख माणसं. आपलं नागपूर शहर धर."

"दाखवा ना आता," मी म्हटलं.

आता मात्र काकूंनी व्हिडिओ सुरू केला. लॅटिन अमेरिकन ठेक्याचं गाणं, पाय थिरकवणारं. चाल तिची स्वतःचीच आहे. मला ते आवडलं. काकूंना गाण्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांचं बोट पडद्यावर होतं. "टोपी गेली बघ. आता कोट. आता बघ बाहीला हात घालतोय तो नर्तक. टिचबटणं आहेत, नाहीतर इतकं पटकन निघणार नाही. ओढणाऱ्याला नेमकी जागा ठाऊक हवी, नाहीतर कापड फाटतं." नर्तक एकेक कपडा काढत गेले, आतून लालसर झगा निघाला, आखूड. आणि अगदी शेवटी कुणीतरी खालची कड ओढली, झगा सरसर लांब झाला.

"बघितलंस? 1981 साली ब्रिटनच्या बक्स फिझनं याच स्पर्धेत मुलींचे लांब घागरे टरकन काढून आखूड केले आणि जिंकले. ते वेल्क्रोचं काम. कुणीही करेल. हिनं उलट केलं. आखूडाचं लांब! इतक्या लोकांसमोर कपडे काढत काढत बाई शेवटी आधीपेक्षा झाकलेली निघाली. याला डोकं लागतं."

"म्हणजे झग्यानं जिंकली, गाण्यानं नाही?"

"गाणं ठीक आहे," काकू म्हणाल्या. "त्याची सीडी युरोपात फारशी कुणी घेतली नाही म्हणे. जिंकलेलं गाणं आणि दुकानात शुकशुकाट. पण ही काय रडत बसली नाही. 2003 ला रीगाच्या स्कॉन्टो हॉलमध्ये स्पर्धा झाली, तिथं सूत्रसंचालनाला उभी राहिली. बरोबर कोण होतं सांग?"

"कोण?"

"रेनार्स काउपर्स! ब्रेनस्टॉर्मचा गायक. 2000 साली ज्यानं हिला मागं टाकलं, तोच. रात्रभर दोघं शेजारी शेजारी, हसतमुख. मी असते तर एकदा तरी त्याचा माइक बंद केला असता." काकू स्वतःच हसल्या. "त्या वर्षी तुर्कस्तानची सर्तब एरेनर जिंकली, ब्रिटनला भोपळा. आणि यजमान लात्व्हियाला किती? पाच गुण. 26 देशांत चोविसावे. आपल्याच घरच्या कार्यात आपल्यालाच वाटीभर वरण."

"मग पुढं?"

"पुढं ती नाटकात गेली. 2004 ला तिकडं 'साउंड ऑफ म्युझिक' लात्व्हियन भाषेत झालं, त्यात ही मारिया झाली. नावसुद्धा बदलावं लागलं नाही." मग काकूंचा आवाज जरा उतरला. "सगळ्यांचं असं नाही गं होत. भाची सांगत होती, सामान्ता तीना म्हणून एक आहे तिकडची. वर्षानुवर्षं चाचण्या देत राहिली. 2020 ला एकदाची निवड झाली आणि कोरोनानं स्पर्धाच रद्द. पुढच्या वर्षी तिलाच पाठवलं रॉटरडॅमला, तर उपांत्य फेरीत शेवटची. काय म्हणायचं आता याला?"

मी काहीच म्हटलं नाही. काकूही थोडा वेळ भिंतीवरची वाळलेली वेल तोडत राहिल्या.

"पण ते राहू दे," त्या एकदम म्हणाल्या आणि व्हिडिओ शेवटावर आणून थांबवला. "हे बघ. ही कड. इथं टिचबटण नाही, वेल्क्रो नाही. असतं तर तिथं कापड जाड दिसलं असतं. माझा अंदाज सांगू? घेर आत दुमडलाय आणि साखळी टाक्यानं धरलाय. गव्हाच्या पोत्याला असतो ना, नेमका दोरा सापडला की सगळी शिवण सरसर उसवत जाते, तसा. मी काल रात्री जुन्या परकरावर करून बघितलं. अर्ध्यात अडकला."

"कापड सुती असेल."

"सुतीच होतं. तिचं बघ कसं झुळझुळीत आहे." काकू विटांवर जरा उंच झाल्या आणि माझ्या खांद्यावरच्या कपड्यांकडे बघायला लागल्या. "तो तुझा लाल सॅटिनचा गाऊन अजून वापरात आहे का गं?"