गाठ मारलेली पिशवी

आमच्या सोसायटीत जिन्याखाली दोन डबे आहेत. हिरव्यावर ‘ओला’ आणि निळ्यावर ‘सुका’ असं ठसठशीत अक्षरांत लिहिलंय. तरीही रोज सकाळी हिरव्या डब्यात सगळ्यांत वर असते ती प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला करकचून गाठ मारलेली. आत चहाचा चोथा, पोळीचे तुकडे, औषधाची रिकामी पाकिटं आणि फुटलेला बल्ब, असं सगळं गुण्यागोविंदानं नांदत असतं. माझा राग त्या गाठीवर आहे.

कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी एकदा स्पष्ट सांगितलं होतं, “ताई, पिशवीला गाठ नका मारू. आत काय हाय ते दिसत नाही, अन् हात घातला की काच लागते.” मी ते सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. पाचसहा अंगठे आले, दोन नमस्कार आले. दुसऱ्या दिवशी गाठ होतीच. ज्या घरात पांढरे आणि रंगीत कपडे चुकूनही एकत्र धुतले जात नाहीत, त्याच घरातून ही पिशवी खाली येते. म्हणजे वेगळं करणं जमत नाही असं नाही. त्रास दुसऱ्याला होणार असला की ते करावंसं वाटत नाही.

दुधाच्या पिशवीचंही तसंच. कोपरा कात्रीनं पूर्ण कापायचा आणि तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून खरकट्यात ढकलून द्यायचा, ही घरोघरची सवय. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली ती अटींवर. पिशवी 50 मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि परत घेण्याची किंमत, निदान 50 पैसे, तिच्यावर छापलेली हवी. पिशवीला निदान भंगारात मोल आहे. त्या तुकड्याला काहीच नाही. तो कुणी वेचू शकत नाही आणि खतातून तो निघत नाही. अर्धाच कापून लटकता ठेवला तर पिशवीबरोबर जातो. इतकं साधं आहे, आणि तरी कुणी करत नाही.

डायपर आणि सॅनिटरी पॅडबद्दल बोलायला लोक लाजतात, उघडे टाकायला लाजत नाहीत. पुण्यात कचरावेचकांनी यावर सोपा उपाय सांगितला: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावं लागणार नाही. एका ठिपक्याला कितीसा वेळ लागतो? पण आमच्या डब्यात असा ठिपका क्वचितच दिसतो.

‘हे पालिकेचं काम आहे’ असं म्हणणाऱ्यांनी नियम वाचावेत. 2000 सालच्या नियमांत लोकांना वर्गीकरणाची सवय लावण्याचं काम पालिकेवर होतं. 8 एप्रिल 2016 च्या घनकचरा नियमांनी ते प्रत्येक घराचं कर्तव्य केलं: ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा ठेवायचा, असं त्यांत म्हटलं होतं.

दुसरी सबब ठरलेली: ‘घंटागाडीत शेवटी सगळं एकत्रच करतात.’ जिथे करतात तिथे क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करा, पाठपुरावा करा; मीही करते. पण त्या आधारावर घरातच काला करायची मुभा मिळत नाही. त्याचा फटका कुणाला बसतो ते पाहा. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्यातूनच पुढे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. तिथे दारोदार जाणाऱ्या वेचकांच्या कमाईचा एक भाग सुक्या कचऱ्यातल्या विकाऊ मालातून येतो. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की त्याचा भाव पडतो, कधी तो कुणी घेतच नाही. आपल्या आळसाचे पैसे वेचकांच्या कमाईतून कापले जातात.

आणि जे विकलं जात नाही, ते जातं डेपोवर. मुंबईचं देवनार 1927 पासून कचरा पोटात घेत आलंय. ढिगात दाबलेला ओला कचरा हवेविना कुजतो, त्यातून मिथेन निघतो आणि शेजारचं प्लॅस्टिक-कागद जळायला तयारच असतं. जानेवारी 2016 मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. जवळच्या वस्त्यांतली माणसं त्या धुरात श्वास घेत होती. खतासाठी जायचं ते खताला आणि भंगारात जायचं ते भंगारात गेलं असतं, तर डोंगर एवढा वाढलाच नसता.

मला घरोघरी गांडूळखताचे प्रकल्प नकोत, सोसायटीत भाषणं नकोत. चोथा आणि सालं थेट हिरव्या डब्यात ओता, पिशवी खाली आणलीच तर रिकामी करून निळ्यात टाका. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असं लिहा आणि ती मावशींच्या हातात सांगून द्या. ओट्याजवळ दोन डबे ठेवले की यातलं बहुतेक काम आपोआप होतं. हे आपण केलं नाही तरी वेगळं करणं टळत नाही. ते दुसरं कुणीतरी करतं, उघड्या हातांनी, आपण मारलेली गाठ सोडवून.