दाखवून टाकू

जळगावच्या कुठल्याही कॉलनीत एक तरी आप्पा असतातच. निवृत्त शिक्षक, नाहीतर एसटीतले, नाहीतर वीज मंडळातले. आमचे आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. वय ७७, बीपीची गोळी सकाळी एक, आयकर शून्य. हा शून्य सरकारला पटवून देण्यात त्यांचं निम्मं वर्ष जातं.

हातात सराफ बाजारातल्या दुकानाची कापडी पिशवी. तिच्यातून कधीकाळी लेकीच्या पाटल्या आल्या असतील. आता तिच्यात पासबुकं, पेन्शनचा फॉर्म १६, २६एएस, एआयएस आणि या सगळ्यांच्या झेरॉक्स. झेरॉक्सच्याही झेरॉक्स. कुणी म्हटलं, "आप्पा, आता सगळं ऑनलाइन आहे," तर ते शांतपणे सांगतात, "म्हणूनच कागद लागतो."

एप्रिल उजाडला की आप्पा एक फॉर्म घेऊन चार बँकांच्या फेरीला निघतात. व्याजातून टीडीएस कापू नका, अशी ती विनंती. दोन प्रती, आणि पोचेवर ठप्पा मिळाल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. चार बँका कशाला? तर मागे एका पतसंस्थेत त्यांची ठेव अडकली ती अडकलीच. हे खान्देशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हापासून मोठी ठेव सरकारी बँकेत आणि बाकीची तीन ठिकाणी, प्रत्येकी ५ लाखांच्या आत, कारण विम्याचं संरक्षण तेवढ्यालाच.

या शहाणपणाचा फटका वेगळ्याच ठिकाणी बसला. २०२१ च्या बजेटमध्ये जाहीर झालं की पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना रिटर्न भरायची गरज नाही. आप्पा तेव्हा बहात्तरचे. लोक नातवाच्या लग्नाची वाट पाहतात, तशी त्यांनी पंच्याहत्तरीची पाहिली. वाढदिवसाला केक कापला, पेढे वाटले, मग चष्मा लावून अट वाचली: पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच बँकेतलं हवं, दुसरं उत्पन्न नको. उरलेले पेढे त्यांनी स्वतःच संपवले. काकू सांगत होत्या, त्या दिवशी शुगर तपासली नाही ते बरं झालं.

सगळ्यात सोप्या फॉर्मचं नाव सरकारनं 'सहज' ठेवलंय. तो आप्पांना चालत नाही. रावेरकडे धाकट्या भावाबरोबर सामाईक केळी आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ते ५,००० रुपयांच्या वर गेलं की 'सहज' बंद, आयटीआर-२ सुरू. मृगबाग असो की कांदेबाग, केळी ५,००० वर थांबली तर शेतकरी डोक्याला हात लावून बसेल. पुढची गंमत अशी, की हे करमुक्त उत्पन्न आधी पेन्शन-व्याजात मिळवायचं, त्या बेरजेवर कर काढायचा, मग शेतीच्या वाट्याचा कर वजा करायचा, आणि जो उरेल तो कलम ८७ए च्या सवलतीनं शून्य करायचा. आप्पांना हे गणित तोंडी येतं. ते का करायचं, एवढंच येत नाही.

शेतीचं उत्पन्न ५ लाखांवर गेलं तर त्याच फॉर्मात जमीन किती एकर, बागायत की जिरायत, मालकीची की खंडाची, पिनकोड काय, हेही विचारतात. आप्पांचा वाटा त्याच्या जवळपासही जात नाही. तरी त्यांनी सातबारा काढून ठेवलाय आणि हेक्टर-आरचे एकर करून मागे पेन्सिलीनं लिहिलेत. "कुणी विचारलंय का?" म्हटलं, तर "विचारल्यावर धावपळ नको. दाखवून टाकू."

दाखवून टाकू! केळी दाखवून टाकू, बचत खात्याचं ३७ रुपये व्याज दाखवून टाकू. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी हप्त्याहप्त्यानं आली, तेव्हा कलम ८९ ची सवलत मिळवायला १०ई फॉर्म रिटर्नच्या आधी भरायचा होता. त्यासाठी मागच्या एकेका वर्षाचं उत्पन्न नव्यानं मांडायचं. आप्पांनी सगळी पासबुकं काढून आठवडाभर दिवाणखाना अडवला होता. पाहुण्यांना चहा ओट्यावर.

धुळ्याचे साडू नेमके उलटे. आग्रा रोडला दुकान, कागद एक नाही, सगळं सल्लागाराकडे. शून्य कराची ही कहाणी ऐकली की हसत म्हणतात, "कर तर लागस नही, मंग कसाले इतली उठाठेव?" प्रश्न बिनतोड आहे. उत्तर एवढंच, की रिटर्नची सक्ती कर किती निघतो यावर नाही, सवलतींच्या आधी उत्पन्न किती दिसतं यावर ठरते. मुदत चुकली तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० आणि त्यावर ५,००० रुपये विलंब शुल्क. आप्पांचं उत्पन्न साडेपाचच्या आसपास. म्हणजे कर शून्य, उशीर पाच हजार. साडू एकदा विसरले होते. तो विषय आप्पा दर दिवाळीला काढतात.

फॉर्म भरतो सीए. सीएला फी. त्याआधी रिक्षा, झेरॉक्स, आणि पॅनवर नाव आधी नि आडनाव नंतर, बँकेत आडनाव आधी, म्हणून आधार केंद्राच्या खेपा. ओटीपी जातो पुण्याला, मुलाच्या मोबाइलवर. मुलगा मीटिंगमध्ये. पंधरा मिनिटं सरतात, ओटीपी बाद. "पुन्हा पाठव म्हणावं त्यांना," आप्पा फोनवर अशा आवाजात सांगतात, की अख्ख्या गल्लीला कळावं, आज ई-व्हेरिफिकेशन आहे.

एवढ्यात नवा कायदा आला. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा जुना जाऊन २०२५ चा लागू. त्यात 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' ही जोडी गेली, एकच 'कर वर्ष' आलं. सोपं झालं म्हणून सगळे खूश. आप्पा मात्र हळहळले. तो फरक समजायला त्यांची अर्धी नोकरी गेली होती, आणि कलमांचे पाठ केलेले आकडेही बदलले.

त्याआधी, २०२५ साली मात्र त्यांना यश आलं होतं. ठप्पा असूनही सरकारी बँकेनं ५४,००० व्याजातून ५,४०० कापले होते. रिटर्न गेलं, आणि सप्टेंबरात रात्री एसएमएस आला: कलम १४३(१) ची सूचना. नुसत्या आकड्यानं आप्पांना घाम फुटला. काकूंनी बीपीचं मशीन काढलं. पुण्याहून मुलानं वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की परतावा मंजूर झालाय, वर १६२ रुपये व्याज.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी कॉलनीत बर्फी वाटली. बर्फी ३८० रुपयांची. साडूंनी फोनवर हिशेब मांडला: फी, रिक्षा, झेरॉक्स, बर्फी. मग विचारलं, "मग हाती काय लागलं?"

आप्पा ऐकतच नव्हते. डायरी उघडून ते पुढच्या वर्षाच्या पानावर लिहीत होते: 'इतर उत्पन्न. परताव्यावरचं व्याज, १६२. करपात्र.'

"काढू पैसे नंतर," ते फोनवर म्हणाले, "आधी हे दाखवून टाकू."